आर्मस्ट्राँगची पिशवी आणि अब्बांचा ओळंबा

रमजान सुरू होण्याआधी घराची आवराआवर करायची आमच्याकडे पद्धत आहे. दोन वर्षांपूर्वी अशाच आवराआवरीत मरहूम अब्बांची लोखंडी ट्रंक उघडली. जुने कागद, विम्याची पावती, दोन स्वेटर आणि तळाशी मांजरपाटाच्या पिशवीत गुंडाळलेला एक पितळी ओळंबा निघाला. मुठीत मावेल एवढा, पण चांगला जड. त्याच्या गळ्याशी ठोकून कोरलेला एक क्रमांक आहे.

अब्बा एका सरकारी खात्यात मोजणीच्या टोळीत होते. जरीब ओढायची, झेंडी धरून उभे राहायचे, दुर्बिणीची तिपाई खांद्यावर घेऊन डोंगर चढायचा, अशी आयुष्यभराची नोकरी. शहापूर-मुरबाडचे कितीतरी डोंगरउतार त्यांनी पायाखाली घातले होते. ओळंबा त्याच नोकरीतला, हे क्रमांकावरून लगेच कळले. मी अम्मीकडे पाहिले. ती म्हणाली, "फेंक रहे थे, इसलिए ले आए. मुझे बोले थे."

ते टाकून देत होते म्हणून आणला. अब्बांनी आयुष्यात दुसऱ्याच्या झाडाचा आंबा उचलला नाही. तरी मनात प्रश्न आलाच, की ही निशाणी म्हणायची की दुसरे काही? हा प्रश्न माझ्या एकट्याचा नाही, हे पुढे वाचताना लक्षात आले. जगातल्या सर्वांत मोठ्या प्रवासाहून परतलेल्या माणसांच्या कपाटांतही हाच प्रश्न पन्नास वर्षे पडून होता.

नील आर्मस्ट्राँग २५ ऑगस्ट २०१२ रोजी वारले. त्यानंतर त्यांच्या पत्नीला घरातल्या एका कपाटात पांढऱ्या कापडाची पिशवी सापडली. तोंड बटव्यासारखे उघडणारे, आत कसलेकसले यंत्रभाग. त्यांनी वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय हवाई व अंतराळ संग्रहालयाला कळवले. तिथल्या अभ्यासकांनी एकेक वस्तू जुन्या नोंदींशी ताडून पाहिली आणि फेब्रुवारी २०१५ मध्ये जाहीर केले की हे सगळे अपोलो ११ च्या 'ईगल' या चांद्रयानातले सामान आहे. त्यात १६ मिलिमीटरचा चित्रपट कॅमेरा होता. १९६९ च्या जुलैत ईगल चंद्रावर उतरत असताना खिडकीतून ज्याने चित्रण केले, तोच हा कॅमेरा. कमरेला बांधायचा एक पट्टा होता, जो आर्मस्ट्राँगने यानात विश्रांती घेताना पाय टेकवायला झोळीसारखा वापरला होता. शिवाय दिवे, जोडणीच्या वेळी नेम धरायचे दृष्टियंत्र आणि असेच किरकोळ सामान.

अशा पिशवीला अंतराळवीर 'मॅकडिव्हिट पर्स' म्हणत. अपोलो ९ चे प्रमुख जेम्स मॅकडिव्हिट यांनी अशी पिशवी यानात हवी असे सुचवले होते, म्हणून ते नाव.

आता हे सामान घरी कसे आले, ते समजून घेतले पाहिजे. चंद्रावर जाणारे यान एक नव्हते. 'कोलंबिया' चंद्राभोवती फिरत राहिले, त्यात मायकेल कॉलिन्स होते. ईगलमधून आर्मस्ट्राँग आणि बझ ऑल्ड्रिन खाली उतरले. परत वर येऊन कोलंबियाला जोडल्यावर ईगलचे काम संपले आणि त्याला चंद्राच्या कक्षेतच सोडून दिले गेले. म्हणजे ईगलमध्ये जे राहील, ते कायमचे गेले. वजन कमी करायला तर चंद्रावरूनच कितीतरी वस्तू टाकून द्याव्या लागल्या होत्या. पाठीवरच्या प्राणवायूच्या पेट्या दाराबाहेर टाकल्या, उत्तम छायाचित्र कॅमेरे तिथेच ठेवून फक्त फिल्म परत आणली. कारण त्या वजनाऐवजी चंद्राचे दगड आणता येत होते. अपोलो ११ ने साडेएकवीस किलो दगडमाती आणली, सहा मोहिमांनी मिळून ३८२ किलो.

अशा वेळी आर्मस्ट्राँगने ही पिशवी उचलली. लपूनछपून नाही. परतीच्या वाटेवर यानातल्या बोलण्यात त्यांनी सांगितले की चांद्रयानातले किरकोळ, टाकाऊ सामान बरोबर घेतले आहे, वजन साधारण दहा पौंड, म्हणजे साडेचार किलो. हे बोलणे ध्वनिमुद्रित झाले, त्याचे टंकलेखन आजही उपलब्ध आहे. वाहनाचा तोल सांभाळायला प्रत्येक वजनाचा हिशेब लागत असे, त्यामुळे ही भर सांगणे भागच होते.

'फेंक रहे थे, इसलिए ले आए.' अम्मीचे वाक्य आणि हे वाक्य यांत फरक फक्त अंतराचा आहे.

प्रवासाहून परतताना काहीतरी आणावे, ही माणसाची जुनी खोड. आपल्याकडे हाजी परत येतात तेव्हा जमजमचा डबा आणि खजूर आणतात. जुन्या लोकांनी जमजममध्ये भिजवलेले एहरामचे कापड स्वतःच्या कफनासाठी जपून ठेवलेले मी पाहिले आहे. अंतराळवीरांनाही छोट्या पिशवीत वैयक्तिक वस्तू न्यायची परवानगी होती. आर्मस्ट्राँगने राइट बंधूंच्या १९०३ च्या विमानाचे तुकडे नेले होते, पंख्याच्या लाकडाचा एक आणि पंखावरच्या मलमलीचा एक. मलमलीला इंग्रजीत जे नाव आहे, ते इराकच्या मोसुल शहरावरून आले असे मानतात.

त्या काळात अंतराळवीरांनी मोहिमेतल्या लहानसहान, पुन्हा उपयोगी न पडणाऱ्या वस्तू आठवण म्हणून ठेवाव्यात, याला वरिष्ठांची हरकत नसे. पण हा रिवाज होता, नियम नव्हता. आणि रिवाज कागदावर नसला की माणसे बदलल्यावर भांडण होते.

पहिले मोठे प्रकरण घडले १९७१ मध्ये, अपोलो १५ च्या वेळी. डेव्हिड स्कॉट, आल्फ्रेड वॉर्डन आणि जेम्स इर्विन या तिघांनी परवानगी नसलेले जवळपास चारशे तिकीट लावलेले लिफाफे चंद्रापर्यंत नेऊन आणले. त्यांतले शंभर एका जर्मन तिकीटविक्रेत्यासाठी होते आणि बदल्यात तिघांना पैसे मिळणार होते. विक्री सुरू झाल्यावर गवगवा झाला. तिघांनी पैसे नाकारले, पण १९७२ मध्ये त्यांच्यावर शिस्तभंगाची कारवाई झाली. त्यांतला एकही पुन्हा अंतराळात गेला नाही. उरलेले लिफाफे सरकारने ताब्यात घेतले. पुढे वॉर्डन कोर्टात गेले आणि १९८३ मध्ये ते लिफाफे अंतराळवीरांना परत मिळाले.

दुसरे प्रकरण अपोलो १४ च्या एडगर मिचेल यांचे. त्यांच्याकडेही चांद्रयानातला चित्रपट कॅमेरा होता. २०११ मध्ये त्यांनी तो लिलावात काढला तेव्हा अमेरिकन सरकारने दावा लावला, की ही सरकारी मालमत्ता आहे. मिचेल यांचे म्हणणे, यानाबरोबर नष्टच होणार होता आणि तेव्हाच्या रिवाजाप्रमाणे मला भेट मिळाला. चाळीस वर्षे कुणी विचारले नाही, मग आता कसे? त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तडजोड झाली. कॅमेरा त्यांनी सोडला आणि तो संग्रहालयात जावा असे ठरले.

त्यानंतर लगेच जेम्स लोव्हेल. अपोलो १३ चे प्रमुख. एप्रिल १९७० मध्ये वाटेत स्फोट झाला आणि तिघे अंतराळवीर चांद्रयानाच्या आसऱ्याने जीव वाचवून परतले. तेव्हा लोव्हेल यांनी कामाच्या वहीत घाईघाईने हाताने आकडेमोड केली होती. ते चांद्रयान पृथ्वीच्या वातावरणात जळून गेले. वही लोव्हेल यांनी बरोबर घेतली म्हणून उरली. नोव्हेंबर २०११ मध्ये ती लिलावात ३,८८,३७५ डॉलरला गेली, तेव्हाच्या दराने सुमारे दोन कोटी रुपये. नासाने विचारणा केली, ही विकायचा हक्क तुम्हाला आहे का?

ज्या माणसाने त्या आकड्यांवर आपला आणि दोन साथीदारांचा जीव तोलला, त्याला हा प्रश्न विचारला गेला. लोकांना ते रुचले नाही. जानेवारी २०१२ मध्ये नासाचे प्रमुख चार्ल्स बोल्डन यांनी या जुन्या अंतराळवीरांशी बसून बोलणे केले. पुढे अमेरिकी संसदेने कायदा केला आणि २५ सप्टेंबर २०१२ रोजी राष्ट्राध्यक्ष ओबामांनी त्यावर सही केली. मर्क्युरी, जेमिनी आणि अपोलोपासून १९७५ च्या अपोलो-सोयुझ मोहिमेपर्यंतच्या अंतराळवीरांनी स्वतःजवळ ठेवलेल्या, टाकाऊ ठरणाऱ्या वस्तूंवर त्यांचाच पूर्ण हक्क आहे, असे त्यात ठरले. एक अपवाद मात्र स्पष्ट ठेवला : चंद्राचे दगड आणि चंद्राची माती कुणाचीही खाजगी होणार नाही.

सही झाली तेव्हा आर्मस्ट्राँगला जाऊन महिना झाला होता.

या अपवादाचा एक धागा आपल्या मुंबईपर्यंत येतो, आणि तो फारसा कुणाला ठाऊक नाही.

ऑक्टोबर १९६९ च्या अखेरच्या आठवड्यात आर्मस्ट्राँग, ऑल्ड्रिन आणि कॉलिन्स जगाच्या दौऱ्यात मुंबईला आले होते. तेहरानहून मुंबई आणि मुंबईहून ढाका, असा तो टप्पा होता. माझे मोठे मामू तेव्हा भिवंडीत मागावर होते. सुट्टी टाकून मुंबईला गेले. गर्दीत त्यांना माणसांच्या डोक्यांशिवाय काही दिसले नाही, पण दुसऱ्या दिवशीच्या उर्दू वर्तमानपत्राचे कात्रण त्यांनी बरीच वर्षे जपले होते. त्यांची निशाणी तेवढीच.

चंद्र मात्र खरोखर मुंबईत आला तो कुलाब्याला, टाटा मूलभूत संशोधन संस्थेत. प्रा. देवेंद्र लाल यांच्या गटाला अपोलोने आणलेल्या मातीचे आणि दगडाचे नमुने अभ्यासाला मिळाले. १९७१ च्या त्यांच्या शोधनिबंधावर भंडारी, भट, लाल, राजगोपालन, ताम्हणे, वेंकटवरदन अशी नावे ओळीने दिसतात. यातले वेंकटवरदन पुढे वरळीच्या नेहरू तारांगणाचे संचालक झाले.

त्यांचे काम मुलांना सांगायला मला आवडते. चंद्राला हवेचे पांघरूण नाही. त्यामुळे अंतराळातून वेगाने येणारे लोखंडासारखे जड अणुकेंद्र थेट दगडाच्या स्फटिकात घुसते आणि अतिसूक्ष्म ओरखडा मागे ठेवते. स्फटिक घासून गुळगुळीत करायचा, रसायनात बुडवायचा, की तो ओरखडा रुंद होतो आणि सूक्ष्मदर्शकाखाली मोजता येतो. ओरखडे किती दाट आणि किती खोलवर, यावरून तो कण चंद्राच्या पृष्ठभागावर किती काळ उघडा पडून होता ते काढता येते. कोट्यवधी वर्षांची हजेरी त्या कणावर नोंदलेली असते.

पण हे कण या शास्त्रज्ञांचे नव्हते. नासा असे नमुने उसने देते आणि कणाकणाचा हिशेब मागते. ज्यांनी ते रोज हाताळले त्यांना आठवण म्हणून कणभरही ठेवता येत नसे. आपल्या भाषेत याला नेमका शब्द आहे, अमानत. वापरा, शिका, पण वस्तू तुमची नाही.

अमानतीची एक गोष्ट आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकलेली आहे. खलिफा उमर बिन अब्दुल अजीज रात्री राज्याचे काम दिव्याच्या उजेडात करत बसले होते. भेटायला आलेल्या माणसाने घरची खुशाली विचारली, तेव्हा त्यांनी तो दिवा विझवला आणि स्वतःचा दुसरा लावला. पहिल्या दिव्यात बैतुलमालचे तेल होते. गोष्ट सोपी आहे, कारण तेल जळले की जनतेचे नुकसान होते. आर्मस्ट्राँगची पिशवी याच्या नेमकी उलट बाजूला आहे. ती उचलली नसती तर वस्तू जनतेकडे राहिली नसती, नष्ट झाली असती. उचलल्यामुळेच आज ती संग्रहालयात आहे. नियम एकच, पण दोन्हीकडे लावताना डोके वापरावे लागते. अपोलो १५ चे लिफाफे मला दिव्याच्या बाजूला वाटतात. तिथे वाचवायचे काही नव्हते, सरकारी प्रवासावर खाजगी धंदा होता.

आणखी एक प्रकरण सांगतो, कारण त्यात खरा धडा आहे. आर्मस्ट्राँगने चंद्रावर पाऊल ठेवल्यावर सर्वांत आधी थोडी माती गोळा केली, कारण अचानक परतावे लागले तर हात रिकामे राहू नयेत. त्या मातीसाठी वापरलेली बाहेरची पांढरी पिशवी पुढे नोंदींच्या गोंधळात हरवली. एका संग्रहालयचालकाविरुद्धच्या खटल्यात जप्त झालेल्या सामानात ती आली, आणि ती काय आहे हे न ओळखता सरकारनेच लिलावात काढली. २०१५ मध्ये एका महिलेने ती ९९५ डॉलरला घेतली, म्हणजे साठ-पासष्ट हजार रुपये. तिने खात्री करून घ्यायला पिशवी नासाकडे पाठवली. तपासणीत चंद्राची धूळ सापडली आणि नासाने पिशवी परत द्यायला नकार दिला. बाई कोर्टात गेल्या. डिसेंबर २०१६ मध्ये कोर्टाने सांगितले, खरेदी कायदेशीर आहे, पिशवी त्यांचीच. २० जुलै २०१७ रोजी ती न्यूयॉर्कला १८ लाख डॉलरला विकली गेली, सुमारे साडेअकरा कोटी रुपये.

पिशवी तीच, धूळ तीच. मधल्या काळात बदलली ती फक्त तिच्यावरची चिठ्ठी. चिठ्ठी चुकली तेव्हा ती भंगार होती, चिठ्ठी सापडली तेव्हा इतिहास.

आमच्या वैशाखऱ्याच्या लोकांना हे वेगळे सांगायला नको. गावाच्या डोक्यावर नाणेघाट आहे. कल्याणच्या बंदरातून जुन्नरकडे जाणारा माल या घाटाने चढत असे. वर दगडी रांजण आहे, जकातीची नाणी त्यात टाकत असे सांगतात. शेजारच्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लिपीतला लेख आहे, त्यात यज्ञ आणि दानधर्माचे आकडे कोरले आहेत. आणि मागच्या भिंतीवर सातवाहन घराण्याच्या माणसांच्या मूर्ती होत्या. 'होत्या' म्हणतो, कारण आज मूर्ती नाहीत, कुठे पावलांच्या खुणा तेवढ्या दिसतात. पण प्रत्येकीच्या वर नाव कोरलेले होते. सिमुक सातवाहन, नायनिका आणि सातकर्णी, कुमार भाय, महारठी त्रणकयिर, कुमार हकुसिरी, कुमार सातवाहन. मूर्ती गेल्या, पण चिठ्ठ्या दगडात होत्या म्हणून दोन हजार वर्षांनंतरही तिथे कोण उभे होते ते आपल्याला वाचता येते. उलट कितीतरी गावांच्या वेशीवर सुंदर वीरगळ उभे आहेत आणि वीर कोण, ते कुणालाच सांगता येत नाही.

माझ्या ओळंब्याचे काय केले, ते सांगून संपवतो.

आधी तो घेऊन मी अब्बांच्या जुन्या कार्यालयात गेलो. तिथल्या कारकुनांनी क्रमांक पाहिला, आतल्या खोलीत जाऊन आले आणि म्हणाले, "सर, त्या काळातली रजिस्टरं आता नाहीत. जमा करायची तर कुठल्या नोंदीवर करू? घेऊन जा." त्यांचेही बरोबर होते. अब्बांनी टाकाऊ म्हणून आणला हे खरे असणार, पण ते सिद्ध करणारा कागद त्यांच्याकडे नव्हता आणि माझ्याकडेही नव्हता. आर्मस्ट्राँगचे बोलणे टंकलेखनात राहिले. अब्बा फक्त अम्मीशी बोलले होते.

घरी ठेवायला मन तयार होईना, फेकायला तर मुळीच नाही. शेवटी मुख्याध्यापकांना विचारून तो शाळेच्या प्रयोगाच्या कपाटात ठेवला. सोबत चिठ्ठी लिहिली, एकदा मराठीत आणि एकदा उर्दूत. वस्तू काय, कोणत्या कामाची, कुणी वापरली, कशी आली. शेवटच्या ओळीत लिहिले, 'खात्याने टाकाऊ ठरवल्यावर घरी आणला, असे वापरणाऱ्याच्या पत्नीचे सांगणे आहे.' जेवढे माहीत आहे तेवढेच. अम्मीला वाचून दाखवले. तिने दोनदा ऐकले आणि म्हणाली, "उनका नाम बड़ा लिखो." नाव मोठे केले.

मुले ओळंबा दोरीला बांधून भिंतीशी धरतात. आमच्या वर्गाची मागची भिंत वर अर्धा इंच पुढे आली आहे, हे त्यांनीच शोधून काढले. परवा सातवीतल्या एका मुलीने चिठ्ठी वाचून विचारले, "सर, मग हा आता कुणाचा?" मी म्हटले, तूर्त अमानत आहे. तुम्ही वापरा, पण परत जागेवर ठेवा.

वाचकहो, तुमच्याही घरात अशी ट्रंक असेल. गिरणीतला धोटा, गोदीतला बिल्ला, रेल्वेचा कंदील, आजोबांच्या हजच्या जहाजाचे तिकीट. त्याची किंमत किती येईल हे विचारू नका. ज्याला ठाऊक आहे तो माणूस अजून घरात बसलेला असेल, तर आज संध्याकाळी त्याच्याजवळ बसा आणि चार ओळींची चिठ्ठी लिहून घ्या. मी अब्बांना विचारले नाही. अम्मीला विचारायला उशीर झाला नाही, एवढेच.